वूलवर्थ इमारत

न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे या रस्त्यावरची, सिटी हॉलच्या बागेसमोर उभी असलेली गॉथिक शैलीतील व्यापारी इमारत. उंची सुमारे २४१ मीटर. १९१३ पासून १९३० पर्यंत ती जगातील सर्वांत उंच इमारत होती.

पाच आणि दहा सेंटांत वस्तू विकणाऱ्या दुकानांचे मालक फ्रँक वूलवर्थ यांनी ती कंपनीच्या कचेरीसाठी व भाड्याने देण्यासाठी बांधली. सुरुवातीचा बेत बराच लहान होता. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या मनोऱ्याला मागे टाकायचे ठरल्यावर आराखडा वाढत गेला. सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलरचा खर्च कर्ज न काढता भागवला गेला. २४ एप्रिल १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये कळ दाबली आणि इकडे इमारतीतले दिवे लागले.

मुंबईच्या गॉथिक इमारती पाहिलेल्या वाचकाला येथील मोठा फरक चटकन कळेल. तिथे दगडी भिंतीच भार पेलतात. इथे सगळा भार पोलादी सांगाड्यावर आहे आणि मलईच्या रंगाचा टेराकोटा हे नुसते आवरण आहे. तरीही ही शैली वरवर चिकटवलेली वाटत नाही. वास्तुविशारद कॅस गिल्बर्ट यांनी उभ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत सलग नेल्या, त्यामुळे नजर आपोआप शिखराकडे चढते. गॉथिक चर्चचे मर्मही हेच. साहजिकच ‘व्यापाराचे कॅथीड्रल’ हे नाव तिला चिकटले.

प्रवेशदालन क्रुसाच्या आकाराचे असून त्याच्या कमानदार छतावर झळाळते मोझेइक आहे. छताखालच्या कोपऱ्यांत छोट्या गमतीदार मूर्ती बसवल्या आहेत: वूलवर्थ नाणी मोजताहेत, गिल्बर्ट इमारतीची प्रतिकृती कवटाळून आहेत, अभियंता गुनवाल्ड ऑस तुळई मापताहेत. मालकाला आणि कारागिराला एकाच मापाने कोरणारे हे दालन इमारतीचा सर्वांत जिवंत भाग आहे.

टेराकोटाने मात्र पुढे त्रास दिला. आत पाणी मुरून तो तडकू लागला, आणि १९७७ ते १९८१ दरम्यानच्या दुरुस्तीत हजारो तुकडे काढून त्यांच्या जागी काँक्रीटचे तुकडे बसवावे लागले. इमारतीला १९६६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. कंपनीने ती १९९८ मध्ये विकली. वरच्या सुमारे ३० मजल्यांची आता घरे झाली आहेत, खाली कचेऱ्या आहेत.