जिनिंगमधली सुरक्षा आणि कामगाराचा शब्द : पार्श्वभूमी

वऱ्हाडात रेल्वे आली आणि तिच्यामागोमाग वाफेवरचे जिन-प्रेस आले: कापसातून सरकी वेगळी करणारे जिन आणि उरलेल्या रुईच्या गठाणी दाबणारे प्रेस. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांना लागूच झाला नाही. किमान १०० कामगार हवेत आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त काम चालायला हवं, अशी त्यात अट होती. १८९१ मध्ये ही संख्या ५० वर आली, पण हंगामी जिनिंग कायद्यात यायला १९११ उजाडलं.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १० कामगारांची मर्यादा ठेवली. प्रेसमध्ये कॉटन ओपनर (कापूस मोकळा करणारं यंत्र) चालू असेल त्या भागात बायकांना आणि मुलांना कामावर ठेवायला कलम २७ ने बंदी घातली. याच कायद्याच्या कलम १११ ने कामगाराचं कर्तव्य सांगितलं: सुरक्षेच्या साधनांशी छेडछाड करू नये, ती वापरावीत. हक्काचं कलम यायला मात्र १९८७ उजाडलं, तेही भोपाळनंतर. सुरक्षेची माहिती मागणं, प्रशिक्षण घेणं आणि थेट निरीक्षकाकडे तक्रार नेणं हे तेव्हा कामगाराच्या हक्कात आलं.

याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद होती: जीवाला तातडीचा धोका दिसला तर कामगाराने तो मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या लक्षात आणून द्यावा आणि धोक्याची खात्री पटल्यास त्यावर लगेच उपाय करणं त्यांना बंधनकारक. पण ती फक्त धोकादायक प्रक्रियांच्या यादीतल्या उद्योगांना लागू होती. वनस्पतींपासून तेल काढण्याचा उद्योग त्या यादीत होता, जिनिंग नव्हतं. म्हणजे एकाच आवारात सरकीच्या तेल मिलमधल्या माणसाला हा हक्क मिळाला आणि ती सरकी वेगळी करणाऱ्याला मिळाला नाही. हे तेव्हाही पटण्यासारखं नव्हतं.

जिनिंगमध्ये धोका सगळ्यात आधी कळतो तो कापसाच्या गंजीवर कवडी (किडलेला, नीट न उमललेला कापूस), खडे, तारेचे तुकडे वेचणाऱ्या बायांना आणि जिनवरच्या माणसाला. खडा किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला की मशीनचा आवाज बदलतो, ठिणगी पडते. ती रुईबरोबर गठाणीत दाबली गेली तर बाहेरून काही दिसत नाही. आतल्या आत धुमसत राहते आणि कधी कधी काही दिवसांनी गोदामात पेट घेते. आवाज ऐकताक्षणी जिन थांबवून ती रुई बाजूला काढणं, हाच त्यावरचा खरा उपाय. पण प्रेसवरच्या टोळीची मजुरी गठाणीमागे ठरलेली असते. मशीन थांबवणारा सगळ्यांची मजुरी कापतो, म्हणून अडकलेला कापूसही चालू मशीनमधून हातानेच ओढला जातो. मजुरीची ही पद्धत तशीच ठेवून कामगाराच्या बेफिकिरीवर बोट ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

२००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेने जिनिंगचं रूप पालटलं. कापूस वाहणारे पट्टे आणि पाइप बसले, डोक्यावरून टोपली नेणं कमी झालं. रुईतला कचरा कमी करणं हा मोहिमेचा मुख्य हेतू होता. सुरक्षेत जी सुधारणा झाली, ती त्याच्या ओघात.

खरा वाद आहे तो संख्येचा, म्हणजे किती कामगार असले की कायदा लागू होतो याचा. १८८१ पासून १९४८ पर्यंत खाली येत गेलेली मर्यादा महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीत पुन्हा वर नेली: वीज असेल तर २०, नसेल तर ४०. छोट्या उद्योगांना कागदपत्रांचा जाच नको, हे त्यामागचं कारण. त्यात तथ्य नाही असं नाही. पण जिनिंगमध्ये मोजायचं कोणाला, हाच घोळ आहे. ठेकेदाराचे मजूरही कायद्याने कामगारच. प्रत्यक्षात मात्र मस्टरवर फिटर, जिनर, मुनीम एवढेच दिसतात आणि परराज्यातून हंगामापुरती आलेली टोळी ठेकेदाराच्या वहीत राहते. १० च्या मर्यादेत ही लपवाछपवी अवघड होती, २० च्या मर्यादेत ती सोपी झाली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांनी २० आणि ४० हेच आकडे देशभर नेले. कारखान्यात सुरक्षा अधिकारी ५०० कामगारांवर, धोकादायक प्रक्रियेत २५० वर. गावाकडच्या जिनिंगमध्ये इतके हात कधीच नसतात. एक गोष्ट मात्र चांगली झाली. तातडीचा धोका कळवण्याचा हक्क आता यादीपुरता राहिला नाही, संहिता लागू असलेल्या आस्थापनेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला तो मिळाला. मालकाबरोबरच निरीक्षकालाही कळवता येतं, मतभेद झाल्यास निर्णय निरीक्षकाचा. तो येईपर्यंत मशीन बंद ठेवता येईल, असं मात्र त्या कलमात म्हटलेलं नाही.