अर्थशास्त्रातील पीएच.डी. (पुणे)

पदव्युत्तर शिक्षणानंतर एखादा आर्थिक प्रश्न निवडून, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली त्यावर स्वतंत्र संशोधन करून, प्रबंध लिहून आणि मौखिक परीक्षा देऊन मिळणारी पदवी. मराठीत तिला ‘विद्यावाचस्पती’ असा भारदस्त शब्द आहे. तो पदवीदान समारंभापुरता वापरात असतो, एरवी सगळे ‘पीएच.डी.’च म्हणतात. पुण्यात ही पदवी अनेक अभिमत विद्यापीठांतून मिळत असली, तरी या विषयाचा शहरातला इतिहास मुख्यतः दोन संस्थांचा आहे : भांडारकर रस्त्याच्या परिसरातली गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था आणि गणेशखिंडीतले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ.

पुण्याच्या अर्थशास्त्राला गावात जाऊन मोजदाद करायची खोड जुनी आहे. इथल्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घराघरांत जाऊन अभ्यास केला आणि तो १९१७ साली प्रसिद्ध झाला. १७७१ मध्ये त्या गावातली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, हा त्यातला आकडा शेतजमिनीचे तुकडे पडण्यावरच्या चर्चेत आजही उद्धृत होतो. (त्याच पिंपळे सौदागरात आज आयटीवाल्यांचे टॉवर उभे आहेत. तिथे आता जमीन एकरात कुणी सांगत नाही, चौरस फुटात सांगतात.) दुसऱ्या अभ्यासासाठी मान यांनी जातेगाव बुद्रुक निवडले.

६ जून १९३० रोजी रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून, भारत सेवक समाजाच्या आश्रयाने गोखले संस्था सुरू झाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजमधल्या त्यांच्या प्रबंधातून आलेले भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचे पुस्तक १९२४ सालीच प्रसिद्ध झाले होते. पुण्यात आल्यावर मात्र त्यांनी ग्रंथालयापेक्षा प्रश्नावलीवर भर दिला. वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशोब, गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी, खुद्द पुणे शहराचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण ही त्यांतली नावाजलेली कामे. कालव्याचा फायदा म्हणजे केवळ पाणीपट्टीची वसुली नव्हे. वाढलेले पीक, मजुरी, बाजारपेठ हे सगळे त्यात धरले पाहिजे, असा त्या पाहणीचा रोख होता. गाडगीळ पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९६७ पासून नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

याच संस्थेत २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळे स्मारक व्याख्यान दिले. विषय संघराज्याचा होता, पण वक्ता अर्थशास्त्रातल्या दोन डॉक्टरेट मिळवलेला होता : रुपयाच्या प्रश्नावर लंडनची डी.एस्सी. आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवर कोलंबियाची पीएच.डी.

१९७१ साली गोखले संस्थेतल्याच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास आला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, अशी कसोटी लावून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार दरमहा माणशी ग्रामीण भागात १५ आणि शहरात २२ रुपये ५० पैसे अशी रेषा काढली. त्या रेषेखाली ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के माणसे येत होती. हे काम राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर उभे होते. म्हणजे पुण्याला दोन्ही वाटा माहीत होत्या : एक बांधावर जाऊन विचारायची, दुसरी सरकारी आकडे उकलायची. आजचा पुण्यातला अर्थशास्त्राचा विद्यार्थी बहुधा यांपैकी एक वाट धरतो. दोन्ही धरणारे थोडे, आणि चांगले प्रबंध बहुतेक त्या थोड्यांचे असतात.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. त्याआधी इथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. गोखले संस्थेला १९९३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ती स्वतःची पदवी देऊ लागली. पुणे विद्यापीठात मुख्य विभागाखेरीज संलग्न महाविद्यालयांतल्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांतही नोंदणी होते. नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारे प्राध्यापक बहुतांशी या केंद्रांतच भेटतात.

सध्याची चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी आखली आहे. एम.ए.ला ५५ टक्के (राखीव आणि आर्थिक दुर्बल गटांना ५ टक्क्यांची सवलत), किंवा चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी. प्रवेश परीक्षेचे ७० आणि मुलाखतीचे ३० असे भारांश, किंवा ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर प्रवेश. कोर्सवर्क (संशोधनाआधीचे वर्गातले अभ्यासक्रम) किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट), मुदत तीन ते सहा वर्षे, त्यावर जास्तीत जास्त दोन वर्षे वाढ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी मिळत नाही. म्हणून ‘विषय तयार आहे, पण गाईडकडे जागा नाही’ हे वाक्य दर हंगामात ऐकू येते. एम.फिल. ही पीएच.डी.आधीची छोटी संशोधन पदवी या विनियमांनी बंद झाली. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही जुनी सक्तीही उठली, हे बरेच झाले. त्या सक्तीने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे भले केले होते.

खरी अडचण विषय निवडताना येते. मराठी प्रबंधांच्या शीर्षकांत एक साचा वारंवार दिसतो : ‘अमुक योजनेचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ तमुक तालुका’. तालुका निवडण्यात काही चूक नाही. मान यांनी तर एकच गाव घेतले होते. चूक होते ती प्रश्नाशिवाय तालुका घेण्यात. पीक विम्याने शेतकऱ्याचे सावकारी कर्ज कमी होते का, हा प्रश्न आहे. ‘पीक विमा योजनेचा अभ्यास’ हा नुसता विषय आहे. संशोधन आराखडा समितीपुढे मांडताना पहिला फटका इथेच बसतो.

दुसरा फटका नमुन्याचा. पुण्यात काय किंवा इतरत्र काय, प्रबंधांमध्ये ३८४ हा आकडा देवाच्या नावासारखा येतो : ३८४ शेतकरी, ३८४ बचत गट सभासद, ३८४ ग्राहक. त्यामागे साधे गणित आहे. मोठ्या लोकसंख्येतले एखादे प्रमाण ९५ टक्के विश्वासपातळीवर, पाच टक्के इकडेतिकडे चालेल अशा अचूकतेने काढायचे, आणि ते प्रमाण ५० टक्के धरायचे, तर १.९६ च्या वर्गाला ०.२५ ने गुणून ०.००२५ ने भागले की ३८४.१६ येते. पण हे सूत्र निव्वळ यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून केल्यासारख्या) निवडीचे आहे. आधी दहा गावे निवडायची आणि मग प्रत्येक गावातून चाळीसेक कुटुंबे घ्यायची, असे केले तर एकाच गावातली कुटुंबे एकमेकांसारखी निघतात. तेच पाणी, तीच सोसायटी, तोच व्यापारी. ४०० मुलाखतींमधून मिळणारी माहिती मग प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी मुलाखतींएवढीच भरते. शिवाय सरासरी, फरक किंवा परिणाम मोजायचा असेल तर नमुन्याचे गणितच वेगळे. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेला परीक्षक ‘३८४ च का?’ असे विचारतो तेव्हा बरेच जण मार्गदर्शकाकडे बघतात.

सरकारी आकड्यांची वाट आता पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. कौटुंबिक खर्च पाहणी, श्रमबल पाहणी यांची कुटुंबनिहाय माहिती संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. ती स्टाटा किंवा आर या संख्याशास्त्रीय संगणकप्रणालींमध्ये बसवायला मात्र कोर्सवर्कचे एक सत्र पुरत नाही. एम.ए.पर्यंत अर्थमितीशी (आर्थिक प्रश्नांना संख्याशास्त्र लावण्याच्या शाखेशी) तोंडओळखच असलेल्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष यातच जाते. आर्थिक इतिहासाकडे वळणाऱ्याची तऱ्हा आणखी निराळी : पेशवे दफ्तरातले महसुलाचे कागद वाचायचे तर त्याला मोडी शिकावी लागते.

पुणे विद्यापीठात प्रबंध मराठीतही लिहिता येतो, आणि मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनांत व तिच्या ‘अर्थसंवाद’ या नियतकालिकात मराठी निबंधांना जागा आहे. तरी परिभाषेची कुचंबणा होते. ‘लवचीकता’ (इलॅस्टिसिटी) आणि ‘सीमांत’ (मार्जिनल) रुळले. ‘एन्डोजेनिटी’ला (कारण आणि परिणाम एकमेकांत गुंतलेले असण्याला) ‘अंतर्जन्यता’ म्हटले की कंसात समजावून सांगावे लागते.

पैशाची बाजू थोडक्यात : जे.आर.एफ. (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) असेल तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, अधिक घरभाडे. राज्याच्या बार्टी (अनुसूचित जातींसाठी) आणि सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) या पुण्यातच मुख्यालय असलेल्या संस्था आणि नागपूरची महाज्योती (इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी) आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. यांपैकी काहीच नसलेला विद्यार्थी तासिका तत्त्वावर शिकवतो आणि संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षावाल्यांच्या शेजारी बसतो.

प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. मौखिक परीक्षा खुली असते, आणि तिथे मार्गदर्शकाचे जुने विद्यार्थी, घरचे लोक, कधी गावचे सरपंचही येऊन बसतात. पदवी मिळाल्यावर प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात कुणालाही वाचता येतो. नोकरीचे मात्र वेगळे : १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. ऐच्छिक आणि नेट किंवा सेट, स्लेट या राज्यस्तरीय पात्रता परीक्षा ही किमान अट ठरली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठच घेते.