जुळ्या पिकअप

जुळ्या पिकअप म्हणजे एकाच चॅसीवर, एकाच कंपनीच्या डिझाईनवर आणि बरेचदा एकाच कारखान्यात तयार झालेल्या, पण दोन वेगळ्या ब्रँडचे बिल्ले लावून दोन वेगळ्या शोरूममध्ये उभ्या केलेल्या पिकअप. इंडस्ट्रीत याला बॅज इंजिनिअरिंग म्हणतात. नाव ऐकून वाटतं काहीतरी मोठं इंजिनिअरिंग असेल, पण काही वेळा काम एवढंच असतं की पुढची जाळी बदलली, फाळक्यावर दुसरं नाव ठोकलं, स्टिअरिंगवरचा लोगो बदलला, झाली नवीन गाडी. काही जोड्यांमध्ये मात्र खरंच फरक असतो, आणि दोन्ही गाड्या लांबून सारख्याच दिसत असल्यामुळे कुठली घ्यायची यात घेणाऱ्याची पंचाईत होते.

सगळ्यात ठळक जोडी अमेरिकेतली, जनरल मोटर्सची शेवरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा. दोन्ही इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनच्या कारखान्यात बनतात, ५.३ आणि ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन दोन्हीकडे मिळतं. मग दोन नावं कशाला? कारण जीएमसी तिकडे ब्यूक या जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या ब्रँडसोबत एकाच छताखाली विकतात, आणि त्या डीलरकडेही विकायला एक ट्रक पाहिजे. म्हणजे ही दुकानदारांची सोय आहे, आणि गिऱ्हाइकाला सांगायला म्हणून जीएमसी जरा वरच्या पायरीवर ठेवलेली. २०१९ च्या सिएराला सहा प्रकारे उघडणारा फाळका दिला, त्याची पायरी होते, बसायला बाक होतो, त्याचं भरपूर कौतुक झालं आणि दोन वर्षांत तसाच फाळका वेगळ्या नावाने सिल्व्हराडोलाही आला. ज्यांनी निव्वळ फाळक्यासाठी जास्त पैसे मोजले त्यांना काय वाटलं असेल ते आपण समजू शकतो. त्यांच्या धाकट्या जोडीत, म्हणजे कोलोरॅडो आणि कॅन्यनमध्ये, २०२३ ला जरा प्रामाणिक फरक होता, इंजिन तेच २.७ लिटर टर्बो पण कॅन्यनला फक्त जास्त ताकदीचंच मिळायचं आणि कोलोरॅडोत खालच्या व्हेरियंटला कमी ताकदीचं.

या धंद्यामागे टॅक्सचाही हात आहे. अमेरिकेने १९६४ मध्ये बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातकर लावला, तो मुळात कोंबड्यांवरून युरोपशी झालेल्या भांडणातून आला म्हणून लोक अजूनही त्याला चिकन टॅक्स म्हणतात. मग १९७२ च्या सुमारास फोर्डने माझदाकडून आणि शेवरोलेने इसुझुकडून छोट्या पिकअप बनवून घेतल्या, पण त्या हौदा न लावता, नुसती केबिन आणि चॅसी अशा आणायच्या, त्यावर कर अगदी थोडा, आणि हौदा तिकडे पोचल्यावर बसवायचा. आपल्याकडे लोक जीएसटीत पळवाटा शोधतात तसंच हे, फक्त मोठ्या स्केलवर. पुढे उलटी गंगाही वाहिली, आपल्या ओळखीच्या सुझुकीने अमेरिकेत इक्वेटर नावाची पिकअप विकली, ती चक्क अमेरिकेतच बनणारी निस्सान फ्रंटियर होती.

माझदा बीटी-५० चं प्रकरण तर खास आहे. बरीच वर्षं ती थायलंडमध्ये फोर्ड रेंजरच्या बरोबरीने बनायची, आणि २०२० पासून ती इसुझु डी-मॅक्सवर बेतलेली झाली. नाव तेच, माहेर बदललं. त्यामुळे ऑस्ट्रेलियात जुनी बीटी-५० बघताना पहिला प्रश्न साल कुठलं हाच, कारण एका सालच्या गाडीला फोर्डचे पार्ट आणि पुढच्या सालच्या गाडीला इसुझुचे. दरम्यान रेंजरलाही नवी बहीण मिळाली, २०२२ ची फोक्सवॅगन अमारोक, आणि या दोघी दक्षिण आफ्रिकेत फोर्डच्याच कारखान्यात बनतात.

आणि फसलेलं उदाहरण पाहिजे असेल तर मर्सिडीज एक्स-क्लास. २०१७ ला आली, खाली निस्सान नवाराची चॅसी, बनायची बार्सिलोनात निस्सानच्याच कारखान्यात. मर्सिडीजने ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, रुंद केला, आतलं बरंच बदललं, वरच्या मॉडेलला स्वतःचं व्ही-६ इंजिनही टाकलं, पण चार सिलिंडरवाल्याचं इंजिन पाहुण्याचंच, म्हणजे रेनो-निस्सानचं, आणि किंमत मात्र तीन पात्यांच्या चांदणीची. २०२० मध्ये बंद. माझं मत विचाराल तर गाडी वाईट नव्हती, पण कामाची गाडी घेणारा माणूस बिल्ल्याचे पैसे एका मर्यादेपलीकडे देत नाही, आणि बिल्ल्याचे पैसे देणाऱ्याला हौदा कशाला पाहिजे.

आता पुण्याचं. खरं सांगायचं तर इथे शोरूममध्ये जाऊन दोन जुळ्या पिकअपमधून एक निवडायची वेळ सहसा येतच नाही. मार्केट यार्डाबाहेर पहाटे उभं राहिलं तर बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त, आणि छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, एवढंच दिसतं, आणि सगळ्यांना मिळून टेम्पो म्हणतात. (हा शब्दसुद्धा बजाज टेम्पोवरून आलाय, ती आकुर्डीची कंपनी २००५ ला फोर्स मोटर्स झाली तरी टेम्पो टेम्पोच राहिला.) यातली अशोक लेलँड दोस्त मात्र अर्धी जुळी म्हणता येईल, कारण २०११ ला ती आली तीच निस्सानसोबतच्या भागीदारीतून, चॅसीचं मूळ निस्सानच्या व्हॅनेटचं. त्याच भागीदारीतली पक्की जुळी निघाली ती पिकअप नव्हती, व्हॅन होती, निस्सान इव्हालिया आणि लेलँडची स्टाईल. दोन्ही चालल्या नाहीत, २०१६ मध्ये भागीदारीही मोडली, पण दोस्त अजून पळतीय.

म्हणून पुणेकराने हा विषय शिकलाय तो कारमधून. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ ला सुरू झाला आणि तिथून पोलो-फाबिया, वेंटो-रॅपिड, आता टायगुन-कुशाक आणि व्हर्टस-स्लाव्हिया अशा फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या जोड्याच्या जोड्या बाहेर पडल्या, तळेगाव-चाकण रोडला ट्रेलरवर एकामागे एक दोन्ही बिल्ले बघायला मिळतात. आणि मारुती-टोयोटाची बलेनो-ग्लान्झा तर घरोघरी चर्चेला आली २०१९ ला. तिथे एक फरक खरा होता, ग्लान्झाला ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी आणि बलेनोला २ वर्षं किंवा ४० हजार, गाडी तीच. २०२४ मध्ये मारुतीने पण ३ वर्षं केली आणि तो मुद्दा संपला.

पिकअप असो की कार, निवडताना जे बघायचं ते सारखंच, आणि त्यात पहिला नंबर सर्व्हिसचा. भाडं मारणाऱ्याची गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचा धंदा बुडतो आणि हप्ता काही थांबत नाही, त्यामुळे हडपसरच्या माणसाने वर्कशॉप फक्त वाकडला असलेला ब्रँड घेऊ नये, बहीण कितीही स्वस्त असली तरी. दुसरं म्हणजे वॉरंटी बिल्ल्याची असते, लोखंडाची नसते. माझ्याकडे अशाच एका जोडीतली गाडी होती, नाव राहू दे, तिचा एक सेन्सर गेला तर आमच्या सर्व्हिस सेंटरने तीन आठवडे सांगितले, आणि बहिणीच्या काउंटरला तोच पार्ट शेल्फवर पडलेला, पण ते म्हणाले तुमचा चॅसी नंबर आमच्या सिस्टिमला येत नाही, विकत देतो, वॉरंटीत नाही. तीन आठवडे थांबलो.

वॉरंटी संपल्यावर मात्र जुळी असण्याचा फायदाच फायदा. नाना पेठेत स्पेअरच्या दुकानात पेपरात गुंडाळलेला जुना पार्ट काउंटरवर ठेवला आणि मी गाडीचं नाव सांगायला लागलो तर दुकानदार म्हणाला, "काका, बिल्ला नका सांगू, साल आणि इंजिन सांगा." पार्ट उलटा केला, अंगठ्याने ग्रीस पुसून त्यावरचा नंबर वाचला, आतून एक खोका आणला, खोक्यावर बहिणीचं नाव आणि आतल्या पार्टवर तोच नंबर. मुख्य म्हणजे दोन्ही ब्रँडच्या खोक्यांची किंमत सारखी असेलच असं नाही, तेव्हा दोन्हीकडे विचारायचं. फसायला होतं ते बंपर, जाळी, हेडलाईट, बॉनेटमध्ये, कारण जुळ्यांचा फरक नेमका दर्शनी भागात असतो, म्हणजे ठोकली की जे जातं तेच. कमी खपाच्या बहिणीचं बॉनेट मिळायला जास्त वाट बघायची तयारी ठेवा.

पिकअपपुरतं आणखी एक, ब्रोशरवर विसंबू नका, खाली वाकून पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, मोजा. चॅसी एक असली तरी एका ब्रँडने आरामासाठी स्प्रिंग मऊ केल्या असतील तर पासिंग, म्हणजे कागदोपत्री किती वजन भरता येतं ते, कमी येतं, आणि टनाचा हिशोब आरसीवर जे छापलंय त्यावरच होतो, बहिणीची गाडी किती ओढते यावर नाही. ट्रायल पण रिकामी घेऊ नका, डीलर तयार असेल तर हौद्यात थोडं वजन टाकून कात्रजचा जुना घाट चढवून बघा, मऊ स्प्रिंगची गाडी वळणावर लगेच कळते.

किमतीचं म्हणाल तर दोन्ही शोरूमचं कोटेशन लेखी घ्यायचं आणि एकाचं दुसऱ्याला दाखवायचं, हे सगळेच करतात आणि सेल्सवाल्यांनाही ते माहीत असतं. पण खरा हिशोब विकताना लागतो. कमी खपाची बहीण विकायला काढली की एजंट गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणतो, ह्या नावाला गिऱ्हाईक नाही हो, आणि भाव पाडतो. पुढच्या रविवारी तीच गाडी धुऊन-पुसून दुसऱ्याला दाखवताना त्याच एजंटचं वाक्य असतं, "साहेब, नावावर जाऊ नका, आतून तीच आहे."