पालक-शाळा सहकार्य (गोवा)

पालक-शाळा सहकार्य : मुलाची हजेरी, अभ्यास, वर्तन आणि आरोग्य यांबाबत घर व शाळा यांनी एकमेकांना वेळेवर माहिती देऊन ठरवून केलेले काम. पालकसभेची उपस्थिती हा त्याचा दिसणारा, पण लहान भाग. ब्रिटनमध्ये चार्ल्स डेसफोर्झेस व आल्बर्टो अबूशार यांनी 2003 साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. पालक शाळेत येऊन काय करतात यापेक्षा घरी मुलाशी काय बोलतात आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवतात, याचा शालेय यशाशी अधिक ठळक संबंध त्यांना आढळला. गोव्यात नेमके हे घरचे बोलणेच एका ठरावीक टप्प्यावर आटते. तो टप्पा म्हणजे पाचवी.

पाचवीचा सांधा. सरकारी प्राथमिक शाळा पहिली ते चौथीपर्यंत मुख्यतः मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या, तर पुढची बहुतेक हायस्कुले इंग्रजी माध्यमाची. 1990 पासून प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण होते. 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही ते देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून मोठे आंदोलन पेटले. माध्यमाचा वाद बाजूला ठेवला तरी घरातली अडचण उरतेच. पेडणे, सत्तरी किंवा सांग्यातल्या घरात बोलणे कोकणीतून, वाचन मराठीतून. चौथीपर्यंत आई पाढे म्हणवून घेते, धडा वाचायला लावते. पाचवीत पुस्तके बदलली की ‘आमकां इंग्लिश येना’ म्हणून तीच आई मागे सरते आणि मुलाची ट्यूशन सुरू होते. शिक्षकही बरेचदा याला पालकांची उदासीनता समजतात.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. चौथीची प्राथमिक शाळा आणि पाचवीचे हायस्कूल यांनी वर्ष सुरू होण्याआधी पालकांची एक संयुक्त बैठक घ्यावी. तिथे गणित व परिसर अभ्यासातील साधारण शंभर संज्ञांची द्विभाषी यादी द्यावी : बेरीज म्हणजे ॲडिशन, अपूर्णांक म्हणजे फ्रॅक्शन, छेद म्हणजे डिनॉमिनेटर. पालकांना काम एकच. रोज 15 ते 20 मिनिटे मुलाने आज शिकलेली गोष्ट घरच्या भाषेत समजावून सांगायची, पालकाने ऐकायची आणि ‘असे का?’ एवढे विचारायचे. ज्याला छेद समान करणे कोकणीत सांगता येते त्याचा गणिताचा पाया पक्का असतो. इंग्रजी शब्द त्यावर चढवता येतात. उलट क्रमाने गेलेले मूल उत्तर पाठ करते आणि सातवीत अडकते. घरी मोडकी इंग्रजी बोलण्याचा आग्रह शाळेने धरू नये. त्याने इंग्रजी सुधारत नाही, संवाद मात्र तुटतो.

कायद्याची चौकट. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. दुर्बल व वंचित गटांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ही समितीची कामे. मात्र 2012 च्या दुरुस्तीनंतर अल्पसंख्याक संस्थांच्या आणि इतर अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्लागार आहे, आणि विनाअनुदानित शाळांना ती मुळातच सक्तीची नाही. गोव्यातील मोठ्या संख्येने असलेल्या अनुदानित हायस्कुलांत म्हणूनच पालकांचा आवाज मुख्यतः पालक-शिक्षक संघातून उमटतो. तो संघ स्नेहसंमेलनाची वर्गणी आणि मंडपाचा खर्च यांतच वर्ष घालवत असेल, तर मुलांच्या शिकण्याविषयी बोलायला जागा उरत नाही. कार्यकारिणीच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय हजेरी आणि वाचनाचा ठेवला तर एवढ्यानेही फरक पडतो.

कलम 24 शिक्षकावरही बंधन घालते : पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे. ते पार पाडण्यातला अडथळा साध्या हिशेबाचा आहे. सहावी ते आठवीसाठी कायद्याने ठरवलेले प्रमाण एका शिक्षकामागे 35 मुले. प्रत्येकी 10 मिनिटे धरली तर 350 मिनिटे, म्हणजे जवळजवळ सहा तास. एका सकाळी सगळ्यांना बोलावले की प्रगतिपत्रकावर सही घेण्यापलीकडे काही होत नाही. भेटी तीन दिवसांत विभागाव्यात, पालकाला ठरावीक वेळ द्यावी. भेटीत प्रथम मुलाची वही उघडावी, गुण नंतर. पुढच्या सहा आठवड्यांसाठी एकच उद्दिष्ट ठरवावे, घरी कोण काय करणार आणि वर्गात काय होणार हे दोन ओळींत लिहावे, पुढची तारीख तिथेच टाकावी. चार उद्दिष्टे दिली की एकही पाळले जात नाही.

वेळ निवडताना घरचा व्यवसाय बघावा लागतो. हॉटेलांत काम करणाऱ्यांना ऑक्टोबर ते मार्च या हंगामात सायंकाळी सवड मिळत नाही. ट्रॉलर आणि यांत्रिक होड्यांवर अवलंबून असलेली कुटुंबे 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या 61 दिवसांत सहज भेटतात. गणेशचतुर्थीच्या सुट्टीला किंवा गावच्या जत्रेला जोडून गैरहजेरी वाढते, हे दरवर्षीचेच. त्याआधीच्या आठवड्यात आठवण द्यावी. मूल न सांगता सलग दोन दिवस आले नाही तर वर्गशिक्षकाने फोन करावा. पहिला फोन काळजीचा असावा, जाबाचा नव्हे. शाळेचा क्रमांक दिसताच ज्यांच्या पोटात गोळा येतो ते पालक पुढे फोनच उचलत नाहीत, म्हणून चांगली बातमी कळवण्यासाठीही अधूनमधून फोन जायला हवा.

कर्नाटकातून वा उत्तर भारतातून कामासाठी आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत शाळा बहुधा मुलालाच दुभाषी करतात. हे टाळावे. स्वतःविषयीची तक्रार मूल प्रामाणिकपणे भाषांतरित करील ही अपेक्षाच चुकीची. त्याच वस्तीतले दुसरे पालक किंवा ती भाषा जाणणारे शिक्षक मदतीला घ्यावेत.

गृहपाठ. केंद्राच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नको. तिसरी ते पाचवीला आठवड्यात कमाल 2 तास, सहावी ते आठवीला दिवसाला कमाल 1 तास, नववीपासून दिवसाला कमाल 2 तास. ट्यूशनचा गृहपाठ यात धरलेला नसतो, आणि मूल रात्री पेंगते ते बहुधा त्यामुळे. पालकांनी आठवडाभर प्रत्यक्ष लागलेला वेळ वहीच्या मागे लिहून दाखवला तर शिक्षकांना आपसात विषयांचे दिवस वाटून घेता येतात. प्रकल्प हा वेगळाच रोग. थर्माकोलचा किल्ला वडिलांनी करायचा किंवा दुकानातून आणायचा, गुण मुलाला. वर्गातच, घरातल्या टाकाऊ वस्तूंतून दोन तासिकांत प्रकल्प करून घेतला की हा प्रश्न मिटतो.

व्हॉट्सॲप गट सूचनांपुरता ठेवावा : सुट्टी, परीक्षेचे वेळापत्रक, बालरथ (शाळेची बस) उशिरा येण्याची खबर. गुण, गैरवर्तन, आजार किंवा फी थकल्याचा उल्लेख तिथे कधीच नसावा. मजकूर मराठी किंवा कोकणीतही द्यावा आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना डायरीतून कळवावे.

नापास होण्याची शक्यता असेल तर ती निकालाच्या दिवशी कळणे हे सहकार्याचे अपयश होय. शिक्षण हक्क कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा दिली. पण त्याआधी जादा शिकवणी आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी देणे बंधनकारक आहे. या दोन महिन्यांत आठवड्याला एकदा पालकाशी बोलणे, कोणते घटक राहिले त्यांची यादी देणे आणि प्रत्येक घटक झाल्यावर त्यावर खूण करणे, एवढे वर्गशिक्षकाने सांभाळावे. यादी ‘गणित कच्चे’ अशी नसावी. ‘हातच्याची वजाबाकी, तीन अंकी भागाकार’ अशी असावी, म्हणजे घरच्यांना नेमके काय करून घ्यायचे ते कळते.