म्हाकुळाच्या कातडीतले पाणी आणि प्रकाश

कोकणातल्या बाजारात टोपलीत मांडलेल्या म्हाकुळाच्या (स्क्विडच्या) अंगावर तांबूस ठिपके दिसतात. ते रंगद्रव्याच्या पिशव्यांचे असून भोवतीच्या स्नायूंनी ओढले की पसरतात, हे अनेकांनी वाचलेले असते. पण म्हाकुळाचे सगळे रंग या पिशव्यांतून येतात, हा समज अपुरा आहे. पिशव्यांखालच्या पेशींत निळे रंगद्रव्य मुळीच नसते, तरीही त्या निळ्या झळकतात.

या पेशींत रिफ्लेक्टिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या अतिपातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि दोन चकत्यांमध्ये पाणीदार द्रवाची फट असते. प्रथिनाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याची क्षमता, पाण्याहून अधिक असल्याने प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परततो, आणि चकत्यांच्या जाडीशी व अंतराशी जुळणाऱ्या तरंगलांबीचे तरंग एकमेकांना बळ देतात. साबणाच्या फुग्यावरचे रंगही अशाच व्यतिकरणाने उमटतात. फरक असा, की म्हाकुळाला ही जाडी बदलता येते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील म्हाकुळात ते कसे घडते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतील डॅनियल मोर्स यांच्या संशोधक गटाने उलगडले. रिफ्लेक्टिनच्या रेणूंवर धन प्रभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. ॲसिटिलकोलीन हे रसायन पेशीला संदेश देते, तेव्हा विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, एन्झाइम) रिफ्लेक्टिनच्या रेणूंना ऋण प्रभाराचे फॉस्फेट गट जोडतात. प्रतिकर्षण ओसरून रेणू गोळा होतात आणि चकतीतले पाणी बाहेर पडते. चकती पातळ होते म्हणून रंग तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो, आणि आतले प्रथिन दाट होते म्हणून परावर्तन प्रखर होते. पाण्याच्या एकाच हालचालीत दोन्ही कामे साधतात, यापेक्षा देखणी काटकसर मला ठाऊक नाही.

रिफ्लेक्टिनची ओळख 2004 मध्ये हवाईच्या एका छोट्या प्रजातीतून पटली. 2020 मध्ये त्याच विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेतील अलोन गोरोडेत्स्की यांच्या गटाने ते मानवी मूत्रपिंडाच्या संवर्धित पेशींत तयार करवले, आणि भोवतालच्या मिठाचे प्रमाण बदलून त्या पेशींची पारदर्शकता कमीजास्त करून दाखवली. अशा बातम्यांना ‘अदृश्य होणारा माणूस’ असे मथळे देणे वाचकाची दिशाभूल आहे, कारण प्रयोग बशीतल्या पेशींवर झाला. शिवाय त्या पेशींत प्रथिनाचे विखुरलेले गोळे होते. म्हाकुळासारख्या नेटक्या चकत्या त्यांत नव्हत्या.