डाइव्ह टेबल आणि डाइव्ह कॉम्प्युटर: पाण्याखालच्या मिनिटांचे दोन हिशेब

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगच्या कोर्ससाठी आलेल्या मालवणच्या एका मुलाने पहिल्याच दिवशी मला विचारलं, "ह्यां घड्याळ सगळां सांगता मां, मगे गणित कित्याक?" त्याच्या हातात डाइव्ह टेबल, म्हणजे आकड्यांचा प्लास्टिकचा तक्ता होता, माझ्या मनगटावर घड्याळासारखा डाइव्ह कॉम्प्युटर. प्रश्न रास्त होता.

दोन्ही एकाच गोष्टीचा हिशेब ठेवतात, ती म्हणजे नायट्रोजन. खोलवर दाबाखाली श्वास घेतला की तो अंगात मुरतो. भराभर वर आलं की, सोड्याच्या बाटलीची गोटी आत ढकलल्यावर होतं तसे, त्याचे बुडबुडे सुटतात. तसं होऊ न देता किती खोलीवर किती मिनिटं राहता येईल, हे दोन्ही सांगतात. मोजायची रीत मात्र वेगळी.

टेबल एसटीच्या टप्प्यासारखं चालतं. टप्प्याच्या अध्येमध्ये उतरलात तरी भाडं पूर्ण टप्प्याचं. डाइव्हमध्ये सगळ्यात खोल जिथे गेलात, अख्खा वेळ तिथेच होतात असं टेबल धरतं आणि खोली नेहमी पुढच्या आकड्यावर नेतं. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात 18 मीटरला 56 मिनिटं मिळतात, 20 ला 45, 22 ला 37, आणि 30 मीटरला फक्त 20. विजयदुर्गपासून 100 किलोमीटरहून जास्त आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, म्हणजे पाण्याखालचं प्रवाळांचं पठार. त्या पठाराचा माथाच पाण्याखाली साधारण 20 मीटरवर. तिथे एखादा मासा बघायला अर्धा मीटर खाली वाकलात की टेबलात 22 ची ओळ लागते आणि 8 मिनिटं गेली.

कॉम्प्युटर रिक्षाच्या मीटरसारखा आहे, जितके गेलात तितकेच मोजतो. दर काही सेकंदांनी दाब वाचतो आणि पटकन भरणारे, सावकाश भरणारे असे शरीराचे वेगवेगळे काल्पनिक भाग धरून प्रत्येकाचा हिशेब ठेवतो. झुरिकच्या डॉ. ब्यूलमान यांच्या प्रसिद्ध पद्धतीत असे 16 भाग आहेत. त्यामुळे खडकाच्या पायथ्याशी 10 मिनिटं काढून हळूहळू वर सरकलात, तर उरलेली मिनिटं वाढताना पडद्यावर दिसतात. आपल्याकडच्या उतरत्या खडकांवर हा मोठाच फायदा. वर येण्याचा वेग जास्त झाला की तो ओरडतोही, आणि माझ्या मते जीव वाचवणारी खरी सोय तीच.

मग टेबल कशाला? कारण कॉम्प्युटर ज्याच्या मनगटावर असतो, त्याचाच हिशेब ठेवतो. दोघांत एक कॉम्प्युटर चालत नाही. जोडीदार तुमच्याहून 3 मीटर खाली तरंगत असेल तर तुमचा आकडा त्याच्यासाठी खोटा आहे. हे मी ओरडून सांगतो. शिवाय टेबल होडीत बसल्याबसल्या विचार करायला लावतं: किती खोल, किती वेळ, दोन डाइव्हच्या मध्ये विसावा किती. कॉम्प्युटरमध्येही ही योजना करता येते, पण बहुतेक जण ते बटण दाबतच नाहीत.

एकदा 14 मीटरवर माझ्या कॉम्प्युटरची बॅटरी गेली. आधी मी त्याहून खोल जाऊन आलो होतो, त्यामुळे मध्येच टेबलाकडे वळता येत नव्हतं. टेबल अख्खा वेळ त्या खोलीवरच धरणार, आणि तिथली मिनिटं केव्हाच संपली होती. जोडीदाराला खूण केली, सावकाश वर आलो, 5 मीटरवर 3 मिनिटं थांबलो आणि त्या दिवशी परत उतरलो नाही. तेव्हापासून दुसरं साधं घड्याळ आणि खोलीमापक जवळ असतंच.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रशिक्षकाचा हात धरून 6-8 मीटरवर थोडा वेळ उतरणाऱ्या पर्यटकांना यातलं काही लागत नाही. कोर्स करणाऱ्यांनी मात्र कॉम्प्युटर घालूनच उतरावं, आणि आधी टेबल शिकावं.

आणखी एक गोष्ट, जी घाटावरून येणाऱ्यांना कोणी सांगत नाही. पाडीचं टेबल समुद्रसपाटीपासून 300 मीटर उंचीपर्यंतच लागू आहे. आंबोली सुमारे 700 मीटरवर आहे. दुपारी दोन डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढणं म्हणजे अंगात नायट्रोजन असताना बाहेरचा दाब कमी करणं. विमानासाठी एकाहून जास्त डाइव्हनंतर किमान 18 तास थांबायला सांगतात. कॉम्प्युटर त्या वेळेचे आकडे दाखवतो, पण तुमची गाडी कुठल्या रस्त्याने जाणार आहे हे त्याला माहीत नसतं. रविवारी डाइव्ह केलीत तर कोल्हापूरला सोमवारी निघा.