पाणी हे हायड्रोजन गाडीचे इंधन नव्हे
"हायड्रोजनची गाडी म्हणजे पाण्यावर चालणारी गाडी, टाकीत पाणी ओता आणि निघा," असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या बीड-लातूरकडच्या माणसाला तो अस्वस्थ करतो. त्यात तथ्याचा अंश आहेच, पण तो उलटा सांगितला जातो: पाणी या गाडीत भरत नाहीत, ते तिच्यातून बाहेर पडते.

गाडीत हायड्रोजनपासून वीज तयार करणारा इंधनघट (फ्युएल सेल) असतो आणि त्यात पॉलिमरचा पातळ, ओलसर पडदा असतो. एका बाजूने आलेल्या हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन प्लॅटिनमच्या थरावर वेगळे होतात. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला मात्र अडवतो, म्हणून त्यांना बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो, आणि हा वळसा म्हणजेच वीज. पलीकडे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होते. एका घटातून जेमतेम ०.७ व्होल्ट मिळत असल्याने बससाठी शेकडो घट एकत्र रचतात. गोदामांतील फोर्कलिफ्टही यावर चालतात.

पाण्यातून हायड्रोजन काढता येतो, पण किलोमागे ५० युनिटांहून अधिक वीज लागते आणि घटातून परत मिळतात साधारण १६ ते २०.

पाणी फोडायला वीज लागतेच, याची खात्री घरीच करता येते. खिडकी उघडी ठेवून पेल्यातल्या पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवा (मीठ नको, त्यातून क्लोरीन निघतो). दोन्ही टोके तासलेल्या दोन पेन्सिली त्यात उभ्या करून वरची टोके ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. शिसांवर बुडबुडे येतात, ऋण बाजूला अधिक दाट; तार सुटली की ते थांबतात.